लेखनकलेवरचे पॉडकास्ट ऐकताना: नव्याने लिहिणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

लेखनावरच्या पॉडकास्टचा एक तास ऐकून झाला की आपण लेखनाचंच थोडं काम उरकलं असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात कामाबद्दलची चर्चा तेवढी कानावरून गेलेली असते. डझनभर पॉडकास्ट सबस्क्राइब केलेले, शंभरेक भाग रांगेत आणि कथेचा खर्डा मात्र तिसऱ्या पानावर अडलेला, ही अवस्था इतकी सर्रास दिसते की ती टाळण्यासाठी आधीपासून तजवीज करावी लागते.

ऐकलेलं पानावर कसं उतरवायचं, त्याची ही पद्धत. सुरुवात पॉडकास्टच्या यादीपासून करायची नाही. तुमच्या खर्ड्यात काय बिघडलंय तिथून करायची. ज्यांच्याकडे अजून खर्डाच नाही त्यांनी आधी चार पानं लिहावीत. वाईट असली तरी चालतील, आणि ती बहुधा वाईटच असतील.

लागणारं साहित्य

- स्वतःचा मजकूर, किमान तीन-चार पानं. कथा, लेख, पटकथा, आठवणी, काहीही चालेल. छापील प्रत असेल तर उत्तम.
- पॉडकास्टचं ॲप. अँड्रॉइडवर अँटेनापॉड मोफत आणि मुक्तस्रोत आहे, त्यात ॲपच्या स्वतःच्या जाहिराती नाहीत. आयफोनवर ॲपल पॉडकास्ट्स आधीपासूनच असतं. पॉकेट कास्ट्स दोन्हीकडे चालतं.
- वही आणि पेन. फोनवर टिपणं काढायला गेलात की तोच फोन तुम्हाला दुसरीकडे ओढून नेतो.
- फोनमध्ये थोडी जागा. ६४ केबीपीएसने (हे आवाजाच्या दर्जाचं माप, आकडा मोठा तितकी फाइल मोठी) साठवलेला एक तासाचा भाग साधारण २९ एमबी होतो, १२८ केबीपीएसचा ५८ एमबी. दहा-बारा भाग सहज मावतात, त्याहून जास्त ठेवायची गरजही नसते.

हेडफोन कुठलेही चालतील. ऐकायचं आहे ते बोलणं.

१. आधी खर्ड्यातलं दुखणं शोधा

स्वतःची पानं मोठ्याने वाचा. हातात पेन्सिल ठेवा आणि चार प्रकारच्या जागांवर खूण करा: जिथे वाचताना कंटाळा आला, जिथे कोण काय करतंय हे क्षणभर कळलं नाही, जिथे जीभ अडखळली, आणि जिथे वाक्य खोटं वाटलं. खुणा करताना दुरुस्ती करू नका, नाहीतर पहिल्याच पानावर अडकाल.

आता खुणा मोजा. कुठल्या प्रकारच्या जास्त आहेत ते बघा आणि त्यातून एक नेमका प्रश्न तयार करा. ‘कथा जमत नाही’ हा प्रश्न नाही, त्याचं उत्तर कुठल्याच भागात मिळणार नाही. ‘दोन्ही पात्रं एकाच माणसासारखी बोलतात’ हा प्रश्न आहे. ‘पहिली दोन पानं पार्श्वभूमी सांगण्यातच जातात’ हाही. तो प्रश्न वहीच्या पानावर वरती लिहा. पुढचे दोन आठवडे जे ऐकाल ते त्याच प्रश्नासाठी.

बहुतेक चर्चा इंग्रजीत असतात, त्यामुळे भाग शोधताना त्यांची परिभाषा माहीत असावी लागते. हे शब्द ॲपच्या शोधपट्टीत रोमन लिपीत टाकायचे:

- पात्रं एकसारखी बोलतात: डायलॉग, व्हॉइस
- निवेदन मध्येच एकाच्या मनातून दुसऱ्याच्या मनात उडी मारतं: पॉइंट ऑफ व्ह्यू, हेड हॉपिंग
- माहितीचा ढीग पडतो: एक्स्पोझिशन, इन्फो डम्प
- मधला भाग ढेपाळतो: मिडल्स, पेसिंग
- काय पणाला लागलंय ते वाचकाला कळत नाही: स्टेक्स
- सुरुवातच पकड घेत नाही: ओपनिंग्ज, फर्स्ट पेजेस
- लिहून झालंय, आता काय: रिव्हिजन

शोधताना पॉडकास्टच्या नावाआधी भागाचं शीर्षक आणि त्याखालचं वर्णन वाचा. वर्णनात विषयच दिलेला नसेल, नुसतं पाहुण्यांचं नाव आणि कौतुक असेल, तर तो भाग सध्या बाजूला ठेवा.

२. कुठल्या प्रकारच्या पॉडकास्टकडून काय मिळतं

सगळे ‘लेखनावरचे’ पॉडकास्ट एकाच कामाचे नसतात. इथे गल्लत झाली की चांगला भागही वाया जातो.

*तंत्रावर बोलणारे.* ‘रायटिंग एक्सक्यूजेस’ २००८ पासून चालू आहे. सुरुवातीला ब्रँडन सँडरसन, डॅन वेल्स आणि हॉवर्ड टेलर होते, मग मेरी रॉबिनेट कोवाल आल्या. भाग छोटे, मूळ कल्पनाच पंधरा मिनिटांची. शेवटी श्रोत्यांना गृहपाठ दिला जातो. २०१५ चा दहावा सीझन कल्पना सुचण्यापासून पुढे अभ्यासक्रमासारखा बांधलेला आहे, त्यामुळे अगदी नवख्या माणसाने तिथून सुरुवात करायला हरकत नाही. मात्र ही मंडळी प्रामुख्याने विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिणारी आहेत, त्यांची उदाहरणंही तिथलीच येतात. तुम्ही घरगुती, वास्तववादी कथा लिहीत असाल तर तत्त्व घ्या आणि उदाहरण आपलं शोधा.

*दुसऱ्याच्या पानांची चिरफाड करणारे.* पटकथालेखक जॉन ऑगस्ट आणि क्रेग मेझिन यांचा ‘स्क्रिप्टनोट्स’ २०११ मध्ये सुरू झाला. त्यातला ‘थ्री पेज चॅलेंज’ हा प्रकार शिकायला फार उपयोगी आहे: श्रोते आपल्या पटकथेची पहिली तीन पानं पाठवतात आणि दोघं त्यांवर ओळीओळीने बोलतात. ती पानं श्रोत्यांनाही वाचायला मिळतात. आधी पानं वाचा, स्वतःचे आक्षेप लिहून काढा, मगच भाग लावा. उलट केलंत तर तुमचं मत तयारच होत नाही, त्यांचंच मत तुम्हाला तुमचं वाटायला लागतं.

*कथावाचन आणि चर्चा.* ‘द न्यूयॉर्कर’चा फिक्शन पॉडकास्ट २००७ पासून महिन्यातून एकदा येतो. एक लेखक त्या नियतकालिकात पूर्वी आलेली दुसऱ्या कुणाची तरी कथा निवडतो, वाचतो, आणि संपादक डेबोरा ट्रीसमन यांच्याशी तिच्यावर बोलतो. इथे सल्ला मिळत नाही. कसलेला वाचक कथेत काय बघतो, कुठे थांबतो, काय सोडून देतो, ते ऐकायला मिळतं. माझ्या मते लेखनाच्या सल्ल्यांचे दहा भाग ऐकण्यापेक्षा असा एक भाग दोनदा ऐकलेला बरा.

*मुलाखती.* सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत फसवा प्रकार. नवं पुस्तक आलेला लेखक पाठोपाठ अनेक ठिकाणी मुलाखती देतो आणि त्याची उत्तरं घोटून गुळगुळीत झालेली असतात. एकाच लेखकाच्या त्याच काळातल्या दोन मुलाखती ऐकल्या तर तेच किस्से त्याच क्रमाने येतात. म्हणून जुन्या कामाबद्दलच्या मुलाखती शोधा. बीबीसीच्या ‘वर्ल्ड बुक क्लब’मध्ये एखाद्या गाजलेल्या पुस्तकावर वाचकच लेखकाला प्रश्न विचारतात आणि मधे वर्षं गेलेली असल्यामुळे लेखकही मोकळेपणाने बोलतो. ललितेतर लेखन आणि पत्रकारिता करणाऱ्यांसाठी ‘लाँगफॉर्म’चा २०१२ ते २०२४ पर्यंतचा संग्रह आहे. माहिती कशी गोळा केली, मुलाखत कशी मिळवली, साहित्य हाताबाहेर गेल्यावर त्याला आकार कसा दिला, अशा गोष्टी तिथे तपशिलात येतात.

*सरावावर भर देणारे.* जोसेफ फिंक आणि जेफ्री क्रेनर यांच्या ‘स्टार्ट विथ धिस’मध्ये प्रत्येक भागात दोन कामं दिली जातात: एक काहीतरी बघायचं, वाचायचं किंवा ऐकायचं, आणि एक स्वतः करायचं. सुरुवातच होत नसेल तर हा बरा.

प्रकाशनव्यवहार, प्रसिद्धी आणि विक्री यांवरचे पॉडकास्ट पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत ऐकू नका. ‘लिहित राहा, स्वतःवर विश्वास ठेवा’ छापाचे तर नंतरही नाही ऐकले तरी चालेल. आणि ‘ग्रामर गर्ल’सारखे कार्यक्रम चांगले असले तरी ते इंग्रजीच्या व्याकरणाचे आहेत. शोधात ‘रायटिंग’ टाकलं की तेही वर येतात.

३. एक निवडा, एक राखीव ठेवा

पहिल्या पायरीतल्या प्रश्नाला धरून तीन भाग निवडा, तीन वेगवेगळ्या पॉडकास्टचे. प्रत्येकाची सुरुवातीची दहा मिनिटं ऐका आणि पुढच्या गोष्टी तपासा.

विषयाला हात घालायला किती वेळ लागतो? पाचाहून जास्त मिनिटं आपापसातल्या गप्पांतच जात असतील तर तो बहुधा त्या कार्यक्रमाचा स्वभावच आहे. बोलणारे उदाहरण देतात का? ‘पात्रं जिवंत हवीत’ हे कुणीही म्हणेल. एखाद्या प्रसंगात अमुक ओळ काढली आणि तमुक कृती घातली म्हणून पात्र जिवंत झालं, असं सांगणारा उपयोगाचा. ‘हे माझ्या बाबतीत चाललं नाही’ असं कधी म्हणतात का? आणि दर थोड्या वेळाने स्वतःचाच महागडा कोर्स पुढे करतात का? तसं असेल तर भाग ही त्या कोर्सची जाहिरात समजा.

यातून एक नियमित ऐकण्यासाठी आणि एक राखीव. बाकीच्यांची नावं वहीच्या मागच्या पानावर लिहा आणि ॲपमध्ये सबस्क्राइब करू नका. सबस्क्राइब केलेल्या प्रत्येक पॉडकास्टचे नवे भाग समोर दिसत राहतात आणि मग तुमच्या प्रश्नाऐवजी त्यांचं वेळापत्रक तुम्हाला चालवतं.

४. ॲप नीट लावून घ्या

पाच-दहा मिनिटांचं काम आहे, पण न केल्यास रोज त्रास देतं.

आपोआप डाउनलोड बंद करा. निवडलेला भाग हातानेच उतरवा.

वेग प्रत्येक पॉडकास्टला वेगळा लावता येतो का ते बघा. अँटेनापॉड आणि पॉकेट कास्ट्समध्ये येतो. मुलाखती १.२५ किंवा १.५ पटीने ऐकल्या तरी फारसं बिघडत नाही. १.५ पटीने ४५ मिनिटांचा भाग ३० मिनिटांत संपतो. तंत्राची चर्चा १ पटीनेच. इंग्रजी उच्चार कानाला सरावाचे नसतील तर ०.९ ला सुरुवात करा, आठवडाभरात कान बसतो.

कथावाचनाला मात्र वेग वाढवायचा नाही आणि शांतता गाळायची सोयही बंद ठेवायची. ही सोय बोलण्यामधले विराम आपोआप कापते. गप्पांत ते खपून जातं, पण वाचणारा परिच्छेद संपल्यावर किंवा एखाद्या ओळीनंतर जो थांबतो, तो थांबा हा त्या वाचनातला अर्थ असतो. तोच कापला गेला तर कथेची लय तुम्हाला कळणारच नाही.

क्रम बदला. ॲप सहसा नवा भाग आधी दाखवतं. अभ्यासक्रमासारखा बांधलेला सीझन ऐकताना ‘जुना आधी’ असा क्रम लावला नाही तर शेवटाकडून सुरुवातीकडे जाल.

ऐकलेला भाग आपोआप पुसण्याची सोय बंद करा, कारण काही भाग पुन्हा ऐकायचे आहेत. जुना भाग ॲपमध्ये सापडत नसेल तर तो नाहीसा झाला असं समजू नका. काही कार्यक्रम फीडमध्ये, म्हणजे ॲप जिथून भागांची यादी घेतं तिथे, अलीकडचेच भाग ठेवतात आणि जुने त्यांच्या संकेतस्थळावर असतात, काहींचे जुने भाग सशुल्क असतात. पैसे भरण्याआधी त्या भागाचं लिखित रूप मोफत आहे का ते बघा. ‘स्क्रिप्टनोट्स’ आपल्या भागांची लिखित रूपं प्रसिद्ध करतो. मेझिन यांनी एकट्याने केलेला ४०३ क्रमांकाचा, २०१९ चा रचनेवरचा भाग वाचायलाही चांगला आहे. पात्राचं एका मध्यवर्ती विधानाशी असलेलं नातं बदलत जातं आणि त्यातून रचना तयार होते, अशी त्यांची मांडणी आहे.

५. ऐकण्याच्या दोन फेऱ्या

पहिली फेरी चालता चालता, भांडी घासताना, प्रवासात, कुठेही. टिपणं काढायची नाहीत. संपल्यावर लगेच वहीत दोन-तीन ओळी लिहा: काय लक्षात राहिलं? जे राहिलं नाही ते शोधायला जाऊ नका.

दुसरी फेरी टेबलाशी, आणि तीही भाग तुमच्या प्रश्नाला खरोखर लागू पडत असेल तरच. पाच भागांतून एखादाच दुसऱ्या फेरीला पात्र ठरतो आणि ते प्रमाण ठीक आहे. वहीच्या पानावर तीन उभे रकाने पाडा. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात मुद्दा तुमच्या शब्दांत, तिसऱ्यात तुमच्या खर्ड्यातला पान क्रमांक जिथे तो लागू पडेल. तिसरा रकाना रिकामा राहत असेल तर मुद्दा कितीही चमकदार असो, सध्या तुमच्या कामाचा नाही. नव्या लोकांच्या वह्या पहिल्या दोन रकान्यांनीच भरलेल्या असतात.

वेळेच्या नोंदीबद्दल एक खाचखळगा. बऱ्याच पॉडकास्टमध्ये जाहिराती ऐकणाऱ्यानुसार आणि दिवसानुसार बदलून घातल्या जातात. त्यामुळे आज १८:४० ला असलेलं वाक्य पुढच्या महिन्यात पुन्हा उतरवलेल्या फाइलमध्ये २०:१० ला सापडू शकतं. वेळेसोबत त्या वाक्याचे पहिले चार-पाच शब्द लिहून ठेवा, किंवा एकदा उतरवलेली फाइल पुसू नका.

ॲपल पॉडकास्ट्समध्ये २०२४ पासून इंग्रजी भागांचा आपोआप तयार झालेला मजकूर दिसतो. शोधायला तो सोयीचा, पण विशेषनामं आणि कोण बोलतंय यांत त्याच्या चुका होतात. कुणाचं वाक्य कुठे उद्धृत करायचं असेल तर कानाने खात्री करून घ्या.

६. सल्ल्याचं काम बनवा

सगळी मेहनत इथे आहे. सल्ला नेहमी विशेषणांत येतो: संवाद ‘नैसर्गिक’ हवा, सुरुवात ‘पकड घेणारी’ हवी. विशेषणाचा सराव करता येत नाही. त्यामुळे प्रत्येक मुद्द्याचं रूपांतर क्रियापद, मोजमाप आणि वेळमर्यादा असलेल्या एका कामात करायचं. भाग संपल्यापासून ४८ तासांच्या आत ते केलं नाही तर बहुधा कधीच होत नाही.

काही नमुने:

संवादाचा भाग ऐकलात. खर्ड्यातलं संवादाचं एक पान घ्या आणि ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ आणि सगळी नावं खोडा. दुसऱ्या दिवशी वाचा. कोण बोलतंय ते फक्त बोलण्यावरून ओळखता येत नसेल तर एकाच पात्राच्या ओळी पुन्हा लिहा, दुसऱ्याला हात लावू नका. ३० मिनिटं. दोन्ही पात्रं एकदम बदलायला गेलात तर फरक कशामुळे पडला हे कळत नाही.

सुरुवातीवरचा भाग ऐकलात. त्याच कथेची पाच वेगळी पहिली वाक्यं लिहा: एक कृतीने सुरू होणारं, एक कुणाच्या तरी बोलण्याने, एक वस्तूने, एक निवेदकाच्या मताने, आणि पाचवं कथेच्या मधल्या कुठल्यातरी प्रसंगातून उचललेलं. २० मिनिटं. पाचवं वाक्य अनेकदा जिंकतं, आणि मग त्याच्या आधीची पानं काढता येतील का हा खरा प्रश्न समोर येतो.

दृष्टिकोनाचा भाग. एका प्रसंगाचे २०० शब्द त्याच प्रसंगातल्या दुसऱ्या पात्राच्या नजरेतून लिहा. एकच अट: पहिल्या पात्राच्या मनातलं काहीही सांगायचं नाही, फक्त बाहेरून दिसणारं आणि ऐकू येणारं.

रचनेवरचे भाग जरा अवघड, कारण त्यात आकृत्या आणि सिद्धांत खूप. एक उदाहरण पुढपर्यंत नेऊन बघू. ‘रायटिंग एक्सक्यूजेस’मध्ये कोवाल एक पद्धत वारंवार समजावतात, तिचं मूळ विज्ञानकथालेखक ऑर्सन स्कॉट कार्ड यांच्याकडे आहे. कथेतले धागे चार प्रकारचे मानायचे. ठिकाणाचा धागा: पात्र एका जागेत शिरतं तिथे सुरू, बाहेर पडतं तिथे संपतो. प्रश्नाचा: प्रश्न पडतो तिथे सुरू, उत्तर मिळतं तिथे संपतो. पात्राचा: माणूस स्वतःच्या आयुष्याबद्दल अस्वस्थ होतो तिथे सुरू, स्वतःबद्दलची समजूत पक्की होते तिथे संपतो. घटनेचा: बसलेली घडी विस्कटते तिथे सुरू, जुनी किंवा नवी घडी बसते तिथे संपतो. नियम असा की जो धागा शेवटी उघडला तो आधी बंद करायचा आणि पहिला उघडलेला सर्वांत शेवटी.

ऐकताना हे पटतं आणि विसरलं जातं. काम असं करा: खर्ड्यावर चार रंगांच्या पेन्सिलींनी धागे जिथे उघडतात आणि जिथे बंद होतात तिथे खुणा करा. एक तास लागेल. बहुतेक फसलेल्या शेवटांत दोनपैकी एक गोष्ट दिसते: पहिल्या पानावर उघडलेला धागा बंदच झालेला नाही, किंवा कथेचा मुख्य धागा आधीच बंद होऊन गेला आहे आणि उरलेली दोन पानं किरकोळ धाग्याची आहेत. छोट्या कथेत तीनपेक्षा जास्त धागे उघडे दिसले तर एक काढून टाकण्याचा विचार करा. लांबी हाताबाहेर जाण्याचं तेच कारण असतं.

मूळ खर्डा जपून ठेवा. सरावाची प्रत वेगळी, तिला तारीख घाला. सराव फसला तर मागे येता आलं पाहिजे.

७. मराठीत लिहिताना काय बदलून घ्यायचं

इंग्रजी पॉडकास्टमधले कथेबद्दलचे मुद्दे सहसा जसेच्या तसे लागू पडतात. वाक्याबद्दलचे सल्ले मात्र तपासून घ्यावे लागतात.

‘वाक्यातला सर्वांत वजनदार शब्द शेवटी ठेवा’ हा सल्ला सारखा कानावर पडतो. मराठीत शेवटी क्रियापद येतं आणि जोर येतो तो बहुधा क्रियापदाच्या लगेच आधीच्या शब्दावर. ‘भाऊ दारात उभा होता’ म्हटलं की लक्ष जागेकडे जातं. ‘दारात भाऊ उभा होता’ म्हटलं की माणसाकडे. सल्ला तसाच पाळायला गेलात तर ‘दारात उभा होता भाऊ’ अशी वाक्यं तयार होतात. एखाददुसरं शोभतं, पानभर आली की नाटकी वाटतात.

क्रियाविशेषणं कमी करा, हा सल्ला घ्या, पण मराठीत ती कुठे लपतात ते शोधून. खर्डा संगणकावर असेल तर ‘पणे’ शोधा: शांतपणे, हळुवारपणे, निर्विकारपणे. मग ‘अतिशय’, ‘अत्यंत’, ‘जणू काही’. प्रत्येक ठिकाणी ते काढून वाक्य वाचा. निम्म्याहून जास्त जागी काही बिघडणार नाही.

निवेदकाच्या मध्यस्थीबद्दलचा सल्ला, म्हणजे पात्राला काय ‘दिसलं’ हे सांगण्यापेक्षा ते थेट दाखवा, तो मराठीत उत्तम चालतो. ‘वाटलं’, ‘जाणवलं’, ‘दिसलं’, ‘लक्षात आलं’ शोधा. ‘तिला खिडकी उघडी असल्याचं दिसलं’ ऐवजी ‘खिडकी उघडी होती’. पात्राला शंका आहे हे सांगायचं असेल तिथे मात्र ‘वाटलं’ राहू द्या.

‘म्हणाला-म्हणाली’बद्दलचे नियम आपल्याकडे थोडे सैल करता येतात. क्रियापदातूनच लिंग कळत असल्याने पुरुष आणि स्त्री यांच्या संवादात नावं कमी लागतात. दोन बायका किंवा दोन पुरुष बोलत असले की ही सोय संपते, तिथे काळजी घ्या.

शब्दसंख्येचे आकडे, साहित्यिक एजंटांना पाठवायच्या पत्राचे नमुने, ‘या प्रकाराची सध्या मागणी आहे’ वगैरे भाग थेट पुढे ढकला. ते त्या त्या भाषेच्या बाजारासाठी असतात.

८. सल्ले एकमेकांना छेद देतात तेव्हा

एक भाग सांगेल, आराखडा पक्का केल्याशिवाय पहिलं वाक्य लिहू नका. दुसरा सांगेल, आराखड्याने कथा मरते. गोंधळून दोन्ही सोडून देण्याआधी बोलणाऱ्याबद्दल एवढं बघा: तो कुठल्या लांबीचं लिहितो, कुठल्या टप्प्याबद्दल बोलतोय, आणि त्याच्या मागे मुदतीचा तगादा आहे का. दूरचित्रवाणी मालिकेसाठी चमूत बसून लिहिणाऱ्याला आराखड्यावाचून गत्यंतर नसतं. बारा पानांची कथा लिहिणाऱ्याला असतं. पहिल्या खर्ड्याबद्दलचा सल्ला आणि पुनर्लेखनाबद्दलचा सल्ला एकमेकांविरुद्ध वाटतात, पण अनेकदा तो एकाच कामाचा आधीचा आणि नंतरचा भाग असतो.

तरीही सुटत नसेल तर एकाच कथेवर दोन्ही करून बघा: एक प्रसंग आराखड्याने, एक तसाच. वाद ऐकत बसण्यापेक्षा यात वेळ कमी जातो.

९. किती ऐकायचं, केव्हा, आणि केव्हा थांबायचं

आठवड्याला दोन भाग, त्यांतला एकच सरावासाठी. एक तास ऐकलं तर किमान दोन तास लिहिलं गेलं पाहिजे. हिशेब लागत नसेल तर ऐकणं कमी करा.

लिहायला बसण्याच्या लगेच आधी काही लावू नका. दुसऱ्याच्या बोलण्याची लय तासभर कानात राहते आणि तुमच्या वाक्यांत उतरते. आधी लिहा, मग ऐका. लिहिताना पार्श्वभूमीला बोलणं लावणं हा तर निव्वळ तोटा.

वहीत न केलेली तीन कामं साठली की नवा भाग बंद, आधी ती पूर्ण करा किंवा खोडा. सलग चार भागांत तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो पॉडकास्ट अनसबस्क्राइब करा आणि राखीव पुढे घ्या. कार्यक्रम वाईट असेल असं नाही, तुमचा प्रश्न बदललेला असू शकतो. दर दोन महिन्यांनी पहिली पायरी नव्या खर्ड्यावर पुन्हा करा.

शेवटचं तांत्रिक काम: यादीची प्रत काढून ठेवा. ॲप बंद पडतात. गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झालं. अँटेनापॉड आणि पॉकेट कास्ट्समध्ये सबस्क्राइब केलेल्या पॉडकास्टची यादी ओपीएमएल नावाच्या छोट्या फाइलमध्ये बाहेर काढता येते आणि ती दुसऱ्या ॲपमध्ये भरता येते. ती स्वतःला ईमेल करा. या फाइलमध्ये फक्त फीडचे पत्ते असतात. उतरवलेले भाग, किती ऐकलं त्याची नोंद आणि वेळेच्या खुणा तिच्यात जात नाहीत, म्हणून पुन्हा ऐकायच्या भागांची नावं आणि क्रमांक वहीत हवेतच.